आधी परतीचा रस्ता, मग बसण्याची जागा: पुण्यातल्या रात्रींची पहिली ओळख

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ बार्शीहून हिंजवडीत नोकरीला आला. पहिला पगार झाल्यावर एका शनिवारी तो आणि त्याचे तीन सहकारी सव्वा तास प्रवास करून रात्री दहाच्या सुमारास कोरेगाव पार्कमधील एका नावाजलेल्या पबच्या दारात पोहोचले. चौघेही मुलगेच आहेत हे पाहून दारावरच्या माणसाने त्यांना आत सोडले नाही. जवळच्या दुसऱ्या जागी प्रवेश मिळाला, पण ज्यासाठी ते आले होते ते हिरवळीवरचे गाणे नुकतेच थांबले होते. बिलात न मागता सेवाशुल्क लावलेले होते, आणि दीड वाजता बाहेर पडल्यावर हिंजवडीपर्यंतचे टॅक्सीचे भाडे पाहून चौघे तासभर फुटपाथवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "दादा, पुण्यात रात्री मजा असते म्हणतात, ती नेमकी कुठे असते?"

वीस वर्षांच्या वास्तव्यात मला या प्रश्नाचे जे उत्तर सापडले, ते त्याच्यासारख्या नव्याने आलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडतो आहे. मजा या शहरात नक्कीच आहे, आणि ती एका प्रकारची नाही. डेक्कनच्या जुन्या परमिट रूमपासून मुंढव्याच्या, स्वतःची बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीपर्यंत तिची कितीतरी रूपे आहेत. मात्र ही संध्याकाळ उलट्या बाजूने आखावी लागते. घरी कसे परतायचे हे आधी ठरवायचे, त्यावरून भाग निवडायचा आणि त्या भागातली जागा सर्वांत शेवटी. बहुतेक नवखे नेमके याच्या उलट करतात.

पहिली पायरी: परत कसे येणार?

मेट्रोच्या दोन मार्गिका या कामी उपयोगी पडतात: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी. दुसरी मार्गिका डेक्कन, पुणे रेल्वे स्थानक, बंडगार्डन आणि कल्याणीनगर यांना जोडते. मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत सुरू झाल्यापासून कोथरूडच्या माणसाला संध्याकाळच्या वाहतुकीत न अडकता नदीपलीकडे जाता येते. पण मेट्रो रात्री अकराच्या सुमारास थांबते आणि परमिट रूम व पब दीड वाजेपर्यंत चालू असतात, त्यामुळे मेट्रो ही जाण्याची सोय आहे, येण्याची नव्हे. अर्थात सात वाजता बसून साडेदहाला उठण्याची शिस्त असेल, तर तिच्यासारखी स्वस्त आणि निर्धास्त सोय दुसरी नाही. मी स्वतः अलीकडे बहुतेक वेळा तेच करतो. पीएमपीएमएलची 'रातराणी' बस मोजक्या मुख्य मार्गांवरच धावते, तेव्हा तुमचे घर त्या मार्गावर आहे का, हे आधी पाहून ठेवावे. रिक्षाला मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जादा द्यावे लागतात, ते रास्त आहे आणि त्यावर वाद घालू नये. ॲपवरच्या टॅक्सीचे भाडे मात्र दीड वाजता, म्हणजे सगळे बार एकदम रिकामे होतात तेव्हा, सर्वांत जास्त असते. पाऊण वाजता उठणाऱ्याला तीच टॅक्सी पुष्कळ कमी पैशांत आणि न थांबता मिळते.

स्वतःच्या गाडीने जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कडक बिअरची एक मोठी बाटली घेतलेला माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ते दोघेही नोकरीसाठी परगावाहून पुण्यात आलेले होते, आणि हा लेख ज्यांच्यासाठी लिहितो आहे त्यांच्यासारखेच मित्रांबरोबर संध्याकाळ घालवून घरी निघाले होते. गाडी न्यायचीच असेल, तर चौघांपैकी एकाने त्या रात्री अजिबात न घेण्याचे आधी कबूल करावे आणि बाकीच्यांनी त्याच्या जेवणाचे पैसे द्यावेत. आमच्या गटात हा नियम बरीच वर्षे चालला आहे आणि त्यामुळे कोणाची संध्याकाळ बिघडलेली मला आठवत नाही.

दुसरी पायरी: वय, परवाना आणि ओळखपत्र

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या मद्यासाठी २५ वर्षे आहे. दुसऱ्या राज्यांतून आलेल्या अनेकांना हा फरक ठाऊक नसतो. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या २२-२३ वर्षांच्या मुलाला व्हिस्की नाकारली गेली, तर तो वेटरचा आगाऊपणा नसून कायदा आहे. मूळ ओळखपत्र किंवा डिजिलॉकरमधील वाहन चालवण्याचा परवाना जवळ ठेवावा, कारण मोबाइलमधला फोटो अनेक ठिकाणी चालत नाही.

याशिवाय मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच पडले. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही तरतूद आजही लागू आहे. एका दिवसाचा परवाना बारमध्येच नाममात्र शुल्कात फाडला जातो. वर्षाचा परवाना १०० रुपयांत आणि आजीवन परवाना १,००० रुपयांत मिळतो व अर्ज ऑनलाइन करता येतो. खोलीवर बाटली आणून ठेवणाऱ्यांनी तरी तो काढून ठेवावाच. टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर किंवा पार्किंगमधल्या गाडीत बसून पिणे हा सरळसरळ गुन्हा आहे, आणि टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या वाट्याला फुटलेल्या बाटल्या येतात त्या अशाच बैठकांमुळे.

तिसरी पायरी: दिवस निवडणे

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे सर्वांना ठाऊक असतात. आषाढी आणि कार्तिकी एकादशीचे नवख्यांच्या लक्षात राहत नाहीत. निवडणुकीच्या वेळी मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस विक्री बंद असते. गणेशोत्सवात जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. प्रतिष्ठापनेचा आणि विसर्जनाचा दिवस तर बंद असतोच, आणि पेठांच्या भागात संपूर्ण उत्सवभर बंदी लागू झाल्याचेही पुणेकरांनी पाहिले आहे. पालख्या मुक्कामाला असतात त्या दिवसांचीही आधी चौकशी करावी. हिंजवडी आणि वाकड २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत, त्यामुळे तिथले आणि पुणे शहरातले आदेश नेहमी सारखेच असतील असे धरून चालू नये.

पंचांगाचा परिणाम केवळ बंदीपुरता नसतो. गटारी अमावास्येला, म्हणजे श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच्या मागेपुढे येणाऱ्या शनिवार-रविवारी, परमिट रूममध्ये उभे राहायला जागा नसते आणि स्वयंपाकघर कोलमडलेले असते. त्यानंतर श्रावणात त्याच जागी निवांत टेबल मिळते आणि वेटरला बोलायला वेळ असतो. सोमवार आणि गुरुवार पाळणारे बरेच असल्याने जुन्या परमिट रूममध्ये हे दोन दिवस शांत असतात. पहिल्यांदा एखादी जागा पाहायची असेल तर मी मंगळवार किंवा बुधवार सुचवतो. ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते हे खरे असले, तरी शहराची पहिली ओळख करून घेण्याची ती रात्र नव्हे.

चौथी पायरी: जागेचा प्रकार ओळखणे

परमिट रूमपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. ती सर्वांत स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर मराठी माणसाची 'बसण्याची' रीत तिथेच पाहायला मिळते म्हणून. संध्याकाळी सातच्या सुमारास कर्वे रस्त्यावरच्या, टिळक रस्त्याजवळच्या किंवा स्वारगेटकडच्या कुठल्याही मध्यम परमिट रूममध्ये शिरलात, तर मंद दिवे, सनमायकाची टेबले आणि भिंतीवरच्या टीव्हीवर चालू असलेला क्रिकेटचा सामना दिसेल. साधी आणि एसी अशा दोन बाजू असतात आणि एसीकडचे दर जास्त असतात. बसण्यापूर्वीच मेनू कार्ड कोणत्या बाजूचे आहे ते पाहावे. कुटुंबासह किंवा मैत्रिणींसह गेलात तर 'फॅमिली'साठी वेगळी खोली किंवा मागची बाग असते. एकट्या माणसाला कोपऱ्यातले टेबल देतात आणि तीन तास कोणी उठवत नाही.

वेटर आधी पाणी, सोडा आणि चकण्याची ताटली आणून ठेवतो. उकडलेले शेंगदाणे, त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. कधी नुसती काकडी, कधी फरसाण किंवा शेव. काही ठिकाणी हा चकणा फुकट असतो आणि काही ठिकाणी त्याचे पैसे लागतात, त्यामुळे दुसऱ्यांदा मागण्याआधी विचारावे. पेग ३० मिलिलिटरचा स्मॉल आणि ६० चा लार्ज, ९० ला 'नाइन्टी' आणि १८० च्या बाटलीला 'क्वार्टर' म्हणतात. एकाच प्रकारचे मद्य दोघे-तिघे घेणार असतील, तर सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर मागवणे दरातही परवडते आणि झाकण तुमच्या समोर फोडले जाते. सुटा पेग घेतलात तर पेगमेजर टेबलावर आणून समोर मोजायला सांगण्यात काहीही गैर नाही; चांगल्या जागी वेटर स्वतःच तसे करतो. रिकाम्या बाटल्या तो लगेच उचलून नेत नाही, टेबलाच्या पायाशी ओळीने उभ्या ठेवतो. बिलाच्या वेळी त्या तुमच्यासमोर मोजल्या जातात, म्हणून त्या हलवू नयेत. 'रिपीट' एवढे म्हटले की आधी जे दिले तेच पुन्हा येते. जेवणासाठी शेवटपर्यंत थांबू नये. साडेअकराच्या पुढे तंदूर बंद झाला की दाल खिचडीवर भागवावे लागते, आणि तीही चांगली असते, पण पर्याय तेवढाच उरतो.

परमिट रूममधल्या बहुतेक वेटरना नेहमीच्या गिऱ्हाइकांची आवड पाठ असते. डेक्कनजवळच्या एका ठिकाणी मला ओळखणारे काका आहेत, मी बसलो की ते न विचारता बर्फाविना साधे पाणी आणून ठेवतात आणि तिसऱ्या पेगनंतर "जेवायला काय सांगू?" एवढेच विचारतात. या प्रश्नाचा अर्थ काय ते मला कळते, आणि मी जेवण सांगतो.

दुसरा प्रकार ब्रुअरीचा आहे, आणि या बाबतीत पुण्याला अभिमान बाळगण्याचे कारण आहे. देशातील क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या प्रमाणात बनवलेल्या बिअरच्या, अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक असलेली 'डूलाली' २००९ मध्ये पुण्यात, दक्षिणेकडच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झाली. पुढे ती मुंबईत गेली, पण पुण्यात तोवर ताज्या बिअरची गोडी रुजली होती. मुंढव्यातील 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी', कोरेगाव पार्कमधील 'एफिंगट' आणि हडपसरच्या अमनोरा मॉलमधील 'टीजेज ब्रूवर्क्स' ही त्यानंतरची ठळक नावे आहेत. मध आंबवून केलेले मीड बनवणारी 'मूनशाइन' हीदेखील पुण्याचीच आहे.

ब्रुअरीतली बिअर तिथेच काचेमागच्या स्टीलच्या टाक्यांत आंबवलेली असते आणि ती बाटलीतल्या बिअरसारखी टिकावी म्हणून तापवलेली नसते. त्यामुळे तिला वासही असतो आणि चवीचे थरही असतात. नवख्याने सरळ मोठा ग्लास मागवू नये. चार-सहा छोट्या ग्लासांचा 'सॅम्पलर' मागवावा आणि फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जावे: आधी गव्हाची, पिकलेल्या केळ्यासारखा वास देणारी हेफेवायझन, मग संत्र्याची साल आणि धणे घातलेली बेल्जियन विट, मग कडवट पेल एल, आणि शेवटी भाजलेल्या कॉफीची आठवण करून देणारी काळी स्टाउट. धण्यांचा वास आपल्या नाकाला इतका ओळखीचा असतो, की विट पिताना अनेकांना आपल्या स्वयंपाकघराची आठवण होते. मला स्वतःला पावसाळ्यात स्टाउट आणि उन्हाळ्यात गव्हाची बिअर आवडते. सफरचंदाची सायडर गोड लागते म्हणून पटापट संपते, तिच्याबाबत जपावे.

तिसरा प्रकार गाण्याच्या जागांचा. कोरेगाव पार्कच्या पुढच्या बाजूला, मुंढव्याकडे जाताना लागणारे 'हाय स्पिरिट्स' हे स्वतंत्र बँड आणि विनोदी कार्यक्रम यांसाठी देशभर ओळखले जाते. अशा ठिकाणी जाताना एक नियम पक्का लक्षात ठेवावा: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावता येत नाही. म्हणूनच हिरवळीवरचा किंवा गच्चीवरचा कार्यक्रम साडेसात-आठला सुरू होऊन दहाच्या ठोक्याला संपतो, आणि माझ्या मावसभावासारखे दहाला पोहोचणारे फक्त वाद्ये गुंडाळली जाताना पाहतात. १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीही याच नियमामुळे आवरत्या घ्याव्या लागल्या, तिथे बिअरबारची काय कथा. बंदिस्त, आवाज बाहेर न जाणाऱ्या दालनात मात्र संगीत पुढे चालू शकते.

नाचण्यासाठी असलेले पब आणि क्लब हा चौथा प्रकार. तिथे शनिवारी 'स्टॅग एंट्री' बंद असते, म्हणजे केवळ पुरुषांच्या गटाला सोडत नाहीत. आपल्याला हे पटो वा न पटो, दारात भांडून काही बदलत नाही. निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: स्टॅग चालतात का, कव्हर चार्ज, म्हणजे आत जाण्याचे शुल्क, किती, आणि तो खाण्यापिण्याच्या बिलातून वळता होतो का. बंद बूट घालावेत, कारण चपलेवर अनेक ठिकाणी अडवतात. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर असलेल्या जागेत शिरल्यावर मी सर्वांत आधी दुसरा जिना कुठे आहे ते पाहतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून ही सवय लागली आहे. त्यानंतर २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली, त्यामुळे हुक्का मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्या जागी बसू नये.

पाचवी पायरी: भाग ठरवणे

एका रात्री एकच भाग, हा नियम पाळावा. बाणेरला सुरुवात करून कल्याणीनगरला शेवट करण्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण त्यात दोन तास रस्त्यावर जातात.

हिंजवडी, वाकड, औंध या बाजूला राहणाऱ्यांनी पहिले काही महिने बालेवाडी हाय स्ट्रीटच्या बाहेर पडूच नये. एकाच रस्त्यावर पब, ब्रुअरी आणि खाण्याच्या जागा ओळीने आहेत. एक पसंत पडली नाही तर पायी दुसरीकडे जाता येते आणि घर जवळ असते. आवाज आणि गर्दी जास्त असल्याने तिथे निवांत गप्पा होत नाहीत, एवढीच तिची उणीव. कोरेगाव पार्क, ज्याला तरुण मंडळी 'केपी' म्हणतात, त्याचा तोंडवळा वेगळा आहे. १९७४ मध्ये ओशो आश्रम आल्यापासून देशोदेशींच्या लोकांचा तिथे वावर राहिला, आणि वडाच्या सावलीतल्या क्रमांकांच्या गल्ल्यांमध्ये कॅफे आणि छोटे बार वाढत गेले. बोलण्यासाठी, वाइनसाठी, दोघांनीच बसण्यासाठी या गल्ल्या उत्तम आहेत. मुंढवा-घोरपडीकडे जागा प्रशस्त आहेत, मोठ्या गटाला त्या सोयीच्या पडतात. नदीपलीकडचे कल्याणीनगर आणि विमाननगर मेट्रोमुळे जवळ आले असून तिथले पब नवे आणि महाग आहेत.

कॅम्पात मात्र सावकाश जावे. ईस्ट स्ट्रीट आणि महात्मा गांधी रस्ता यांच्या आसपास लष्करी छावणी, पारशी आणि इराणी वस्तीचा जुना शेजार अजून जाणवतो. तिथे मी आधी १८७८ पासून चालत आलेल्या 'दोराबजी'मध्ये धनसाक किंवा बिर्याणी खातो आणि मग जवळच्या एखाद्या जुन्या बारमध्ये एक बिअर घेतो. पोटात जेवण असताना घेतलेली ती एक बिअर मला चार ग्लासांपेक्षा जास्त समाधान देते. फर्ग्युसन रस्ता हा खरे तर विद्यार्थ्यांचा आणि कॉफीचा. ज्यांना मद्य घ्यायचेच नाही त्यांनी बालगंधर्व रंगमंदिरात रात्रीचा नाट्यप्रयोग पाहून, तो लवकर सुटला तर १९३५ सालच्या 'गुडलक'मध्ये बन-मस्का आणि चहा घ्यावा. ही पुण्याचीच रात्र आहे आणि तिला कशाचीही कमतरता नाही.

सहावी पायरी: किती घ्यायचे, याचा हिशेब

"बिअरच तर आहे" हे वाक्य नवख्यांकडून मी फार ऐकतो, म्हणून आकडे देतो. आपल्याकडील व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जाते. कडक बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात ५२ मिलिलिटर असते. एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग झाले. ब्रुअरीतला अर्ध्या लिटरचा, पाच टक्क्यांचा ग्लास दोन स्मॉल पेगांच्या बरोबरीचा आहे. शरीराला एक स्मॉल पेग निस्तरायला साधारण एक तास लागतो, आणि लिंबू, कॉफी किंवा थंड पाण्याने तोंड धुणे यांपैकी कशानेही तो वेळ कमी होत नाही.

त्यामुळे जाण्यापूर्वी घरी काहीतरी खाऊन निघावे; भाकरी-पिठले असले तरी चालेल, पोट रिकामे नको. प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास साधे पाणी प्यावे. आपला ग्लास टेबलावर सोडून नाचायला किंवा बाहेर जाऊ नये, आणि गेलात तर परत आल्यावर तो न पिता नवा मागवावा; मुलींनीच नव्हे, सर्वांनीच हे पाळावे. गटातील एखाद्याचे बोलणे अडखळू लागले, तर त्याला एकट्याला रिक्षात बसवून देऊ नये. तो उठवूनही उठत नसेल किंवा श्वास जड झाला असेल, तर झोपू दिल्याने बरे वाटेल असे समजू नये. कुशीवर वळवून लगेच रुग्णालयात न्यावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सातवी पायरी: बिल

मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचे कर लागतात, आणि खाण्यावर नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये पाच टक्के जीएसटी असतो. म्हणून बिलात खाणे आणि मद्य यांचे आकडे वेगळे दिसले पाहिजेत. सेवाशुल्क मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते सक्तीने लावू नये असे स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. नको असेल तर शांतपणे काढून टाकायला सांगावे आणि चांगली सेवा देणाऱ्या वेटरच्या हातात थेट टीप द्यावी. गटाने गेलात तर पैसे गोळा करणारा एकच असावा, आणि तो त्या रात्री न पिणारा असेल तर फारच उत्तम.

आठवी पायरी: बाहेर पडल्यावर

दारातून बाहेर आल्यावर रस्त्यावर घोळका करून उभे राहू नये. वरच्या मजल्यांवर माणसे झोपलेली असतात, आणि रहिवासी भागांतून बारविरुद्ध ज्या तक्रारी होतात त्या पुष्कळदा आतल्या संगीताच्या नसून दीड वाजता रस्त्यावर चालणाऱ्या मोठमोठ्या निरोपांच्या असतात. टॅक्सी आत बसूनच बोलवावी, आणि ती आली की बाहेर पडावे.

भूक लागलीच तर पुणे स्टेशनजवळ भुर्जी-पावच्या गाड्या आहेत. तव्यावर कांदा आणि मिरची पडल्याचा आवाज ऐकतच उभे राहायचे आणि दोन पाव लोण्यावर भाजून घ्यायचे. पहाटेपर्यंत जागणाऱ्यांना नळ स्टॉपजवळ गरम पोहे मिळतात. तिथे रात्रपाळी संपवून आलेले, अभ्यासाला जागलेले आणि लवकर कामाला निघालेले असे सगळे एकाच घोळक्यात बशी धरून उभे असतात.

बेत बदलला आणि गाडी मागे ठेवूनच टॅक्सीने परतावे लागले, तर ती पैसे देऊन ठेवण्याच्या पार्किंगमध्ये लावावी आणि पावतीचा फोटो काढून ठेवावा. रस्त्याकडेला लावली असेल तर पाटी पुन्हा एकदा वाचावी: पी-वन म्हणजे विषम तारीख, पी-टू म्हणजे सम तारीख. रात्री बाराला तारीख बदलते आणि संध्याकाळी बरोबर लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला उभी असते. टोइंगची गाडी फिरायला लागण्याआधी, झोप पुरी झाल्यावर आणि डोके पूर्ण ताळ्यावर असल्याची खात्री करूनच, ती घेऊन यावी.